शेतकरी चालेल, फोटो लवकरच

चाकण, २० जानेवारी २०२५

चि. सुप्रिया हिस,
रंगरावकाकाचे आशीर्वाद.

कागदावर पत्र आलेलं बघून घाबरू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. मेली आहे ती साइट. तू उभी करून दिलेली आपल्या पाच गावांची मोफत वधूवर साइट परवा पुन्हा बंद पडली. ईमेलही तिच्याच नावाचा, त्यामुळे तोही तिच्यामागोमाग गेला. व्हॉट्सअ‍ॅपवर तुला सात निरोप टाकले आणि सातही वेळा तू अंगठा दाखवलास. आमच्या काळी अंगठा दाखवणं याचा अर्थ वेगळा होता. म्हणून हे पत्र गणराजच्या हाती देतोय. तो कंपनीची बस चालवतो आणि तुझ्या शेजारच्या सोसायटीत राहतो. उत्तर त्याच्याकडेच दे.

तू नोकरी करतेस त्या होस्टिंग कंपनीला, जिच्या जागेत आपली साइट भाड्याने राहते, फोन केला की आधी वीस मिनिटं बासरी वाजते. मग एक पोरगा म्हणतो, "सर, आपली अडचण मी समजू शकतो. आपण सिल्व्हर प्लॅनवरून गोल्डवर या." दुसऱ्या दिवशी एक पोरगी म्हणाली, प्लॅटिनम घ्या. मी विचारलं, बाई, बंद का पडते ते सांग. ती म्हणाली, गोल्डमध्ये बंद पडत नाही. डॉक्टरला विचारावं माझं पोट का दुखतं, आणि त्याने सांगावं की वरच्या मजल्यावरच्या पेशंटचं दुखत नाही, तसं झालं हे.

२३ फेब्रुवारीला आपला वधूवर मेळावा आहे. तोवर साइट चालली पाहिजे. पाच गावांत तिशी ओलांडलेली एकशे बारा पोरं बिनलग्नाची आहेत हे मी सगळ्यांना सांगतो, पण तुला खरं कारण सांगतो. कारण आपला ज्ञानेश आहे. चार वर्षांपूर्वी मुलीकडच्यांनी पोहे खाऊन झाल्यावर विचारलं, "शेती ठीक आहे, पण मुलगा करतो काय?" तेव्हापासून त्याने लग्नाचा विषय बंद केला. आणि या महिन्यात त्याने मला, बापालाही न सांगता स्वतःचा फॉर्म भरला. मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. चौतीस वर्षांचा घोडा आहे, पण फॉर्म गेला का ते दिवसातून चार वेळा बघतो. साइट अशीच मरत राहिली तर तो पुन्हा गप्प होईल, आणि मग मला काही त्याला बोलतं करता येणार नाही.

तेव्हा अंगठा न दाखवता उत्तर दे.

तुझा,
रंगरावकाका


पुनावळे, २३ जानेवारी २०२५

ती. काका,
सा. न. वि. वि.

गणराजभाऊंनी पत्र वॉचमनकडे दिलं. वॉचमनने ते कोर्टाची नोटीस समजून दोन दिवस लपवून ठेवलं होतं. "मॅडम, तुम्हाला वाचवायचा प्रामाणिक प्रयत्न होता," म्हणाला.

आता तुमची माफी मागून खरं सांगते. मी सर्व्हरच्या विभागात नाही, सपोर्टला आहे, आणि सपोर्टचं काम म्हणजे लोकांना वरच्या प्लॅनवर चढवणं. महिन्याला दहा जण चढवायचे. सलग दोन महिने मला जमलेलं नाही. तिसऱ्या महिन्यात नाही जमलं तर एचआरवाले बोलायला बोलावतात, आणि ते बोलणं फार लांबत नाही. तुम्ही गोल्ड घेतलात असं धरलं तरी मला नऊ कमी पडतात. म्हणून मी अंगठा पाठवत होते. तुम्हाला गोल्ड घ्या म्हणायची लाज वाटत होती, घेऊ नका म्हणायची हिंमत नव्हती.

बंद का पडते ते सांगते. दापोडीच्या आमच्या चाळीत चाळीस बिऱ्हाडांना चार संडास होते, आठवतं? तुमचा सिल्व्हर प्लॅन म्हणजे ती चाळ. एरवी सगळं ठीक चालतं, पण सगळे एकदम उठले की रांग लागते आणि कुणाचंच होत नाही. गोल्ड म्हणजे सहा बिऱ्हाडांत एक. प्लॅटिनम म्हणजे घरात स्वतःचा.

पण तुमच्या साइटवर एवढे लोक एकदम उठतात कशाला, हे मला कळत नाही. बंद पडायच्या वेळा आठवडाभर लिहून ठेवा. आणि ज्ञानेशदादाला सांगा, फॉर्म पोचला आहे, मी स्वतः पाहिला. फोटोत तो पासपोर्ट ऑफिसात पकडून आणल्यासारखा दिसतो. दुसरा द्या.

आपली,
सुप्रिया


चाकण, २९ जानेवारी २०२५

चि. सुप्रिया हिस आशीर्वाद.

तुझा संडासाचा दृष्टांत काकूला वाचून दाखवला. ती म्हणाली, एवढं शिकून पोरीने हेच सांगायचं का? मला मात्र पटला, म्हणून आठवडाभर घड्याळ घेऊन बसलो.

साइट सकाळी सातच्या पुढे दहा मिनिटांनी मरते. दुपारी साडेतीनच्या पुढे दहा मिनिटांनी मरते. रात्री बाराच्या पुढेही मरते म्हणे. ते ज्ञानेशने सांगितलं, तो तेव्हा जागा का असतो ते मी विचारत नाही. रविवारी एकदाही नाही. एकतीस वर्षं मी कंपनीत इन्स्पेक्शनला होतो, मला हे कळायला आठवडा लागायला नको होता. ही शिफ्ट सुटायची वेळ आहे, बाई! सगळ्या कंपन्यांत मोबाइल गेटवर जमा होतो. शिफ्ट सुटली, मोबाइल हातात आला, पोरगं बसमध्ये बसलं, की आपली साइट उघडतं. चाकणातून एका वेळी किती बसगाड्या सुटतात ते तूच मोज. गणराज म्हणतो, "काका, बस हलली की मागं समद्यांच्या माना खाली. आधी नीलिमा, मग घरी फोन. ज्यांची लग्नं झाल्यात ती बी बघत्यात."

नीलिमा कोण, ते तुला ठाऊक नसेल. आपल्या साइटवरचा फॉर्म नंबर एक. कु. नीलिमा, वय सव्वीस, बी. ई., आयटीत नोकरी, पुनावळ्यात स्वतःचा फ्लॅट. अपेक्षा: मुलगा निर्व्यसनी, शेतकरी चालेल. फोटो लवकरच.

शेतकरी चालेल! साइटवर मुलींचे सव्वीस फॉर्म आहेत. पंचवीस जणींना पुण्यात फ्लॅट, पर्मनंट नोकरी आणि सासू गावाकडे हवी. एकीने तर लिहिलंय, शेती असावी पण मुलगा शेतकरी नसावा. त्यात ही एक. पाच गावांतली पोरं वेडी झाली नाहीत तर काय होणार? आणि फोटो लवकरच असल्यामुळे जो तो तिन्ही त्रिकाळ बघतो, आला का म्हणून.

पोरांनी तिच्या नंबरवर फोनही लावले. मी लावत नाही, मुलीकडे मध्यस्थाने चोंबडेपणा करू नये. पण भिवाचा बाळू सांगत होता, तिच्याकडेही आधी तुमच्यासारखीच बासरी वाजते. आयटीवाल्यांकडे सगळीकडे हीच पद्धत दिसते. मग एक मुलगी बोलते. बाळू म्हणाला, नीलिमाबद्दल विचारायचं होतं. ती म्हणाली, "सर, आपली अडचण मी समजू शकते. आपल्या सध्याच्या प्लॅनमध्ये ही सोय नाही. गोल्ड घ्या." बाळूने घेतला. मी म्हटलं, अरे गाढवा, कसला गोल्ड? तर म्हणतो, "दुसऱ्या साइटींवर बी पोरीचा नंबर बघाया पैशे पडत्यात, काका." मग त्याला निरोप आला की अभिनंदन, आता तुमची जागा अमर्याद आहे. तेव्हापासून तो फार खुशीत आहे. त्याचं बघून आणखी बारा-तेरा जणांनी घेतला.

आता आपल्या घरचं. ज्ञानेशने पुढच्या खोलीला रंग दिला. शेणखताचा उकिरडा दारासमोरून मळ्यामागे हलवला. सात वर्षं मी हेच सांगत होतो. परवा सुताराकडे जाऊन टेबल सांगून आला. मी म्हटलं, टेबल कशाला रे? म्हणाला, "आयटीवाल्या घरून काम करत्यात अण्णा, मांडीवर किती येळ ठेवतील?" मी गोठ्यात जाऊन जरा उभा राहिलो.

मेळाव्याला नीलिमा येणार अशी सगळ्यांची खात्री आहे. त्या दिवशी साइट मरून चालणार नाही. मी गोल्ड घेऊ का? तुझंही एक कमी होईल.

रंगरावकाका


पुनावळे, ३१ जानेवारी २०२५

ती. काका,

गोल्ड घेऊ नका. का ते विचारू नका.

साइट यापुढे बंद पडणार नाही, मी बघितलंय. नीलिमाच्या घरच्यांचा निरोप आला, तिचं जमलं. म्हणून तिचा फॉर्म काढून टाकला. चांगली मुलगी होती, जमणारच.

इकडे आनंद आहे. माझे या महिन्यात चौदा अपग्रेड झाले. ऑफिसात केक कापला, मला 'स्टार' लिहिलेला मग दिला, एचआरची बाई चक्क हसली. त्या गडबडीत आहे म्हणून पत्र छोटं.

सुताराने टेबल अजून सुरू केलं नसेल ना? नसेल तर थांबवा.

सुप्रिया


चाकण, ९ फेब्रुवारी २०२५

चि. सुप्रिया हिस आशीर्वाद.

साइट नऊ दिवस एकदाही बंद पडली नाही. बघायलाच कुणी येत नाही, तर पडेल कशाला? चौकातल्या टपरीवर सुतक असल्यासारखी पोरं बसतात. बाळूने दोन दिवस रजा टाकली. सुपरवायझरने कारण विचारलं तर घरात लग्न म्हणाला. कुणाचं, ते सांगता आलं नाही.

ज्ञानेशला मी जेवताना सांगितलं. घास हातात होता तो त्याने खाल्ला. म्हणाला, "चांगलं झालं अण्णा. कुणाचं तरी जमलं." दुसऱ्या दिवशी मला सांगून स्वतःचा फॉर्म काढायला लावला. ओरडला असता, ताट ढकललं असतं, तर बरं वाटलं असतं. टेबल आलं होतं. त्यावर आता फवारणीची औषधं ठेवली आहेत.

एक विचारतो. नीलिमाचं कुणाशी जमलं? पाचही गावांत मी फिरून आलो, कुणाकडेच सुपारी फुटलेली नाही. बाहेरचा नवरा म्हणावं तर बाहेरच्यांना आपली साइट ठाऊक नाही. आणि मुलीच्या घरच्यांचा निरोप मला न येता तुला कसा आला? तुझं मागचं पत्र मी तीनदा वाचलं. तू एवढं थोडकं कधी लिहीत नाहीस. लहानपणी कपाटातले लाडू खाल्लेस की अशीच दोन वाक्यांत बोलायचीस.

खरं काय ते लिही.

रंगरावकाका


पुनावळे, १२ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

नीलिमा नाही. कधीच नव्हती.

साइट बनवली तेव्हा फॉर्म नीट जातो का ते बघायला एक खोटा फॉर्म भरावा लागतो. तो मी भरला. नाव सुचेना तर समोर बसणाऱ्या मुलीचं घातलं. फ्लॅट पुनावळ्यात, कारण मी पुनावळ्यात. फोन नंबर आमच्या हेल्पलाइनचा टाकला, तो दिवसातून शंभरदा बोलून बोटांवर बसलेला आहे. काम झाल्यावर फॉर्म पुसायचा राहिला. एवढंच घडलं. तुमची पोरं मुलीला शोधत हेल्पलाइनला फोन करत होती, आणि आमची पोरं कागदावर लिहून दिलेलं वाचून त्यांना गोल्ड विकत होती. त्यातले अकरा माझ्या नावावर लागले. तुमचं २९ तारखेचं पत्र वाचलं तेव्हा मला सगळं कळलं. हातात केकची बशी होती. दोन दिवस गप्प राहिले, मग फॉर्म पुसला आणि तुम्हाला थाप मारली.

अजून एक सांगायचं आहे, ते सगळ्यांत वाईट आहे. अपेक्षेचा रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नव्हता. काहीतरी लिहायचं म्हणून "शेतकरी चालेल" लिहिलं, आणि लिहिल्यावर मला हसू आलं. शेजारच्या मुलीला दाखवलं, तीही हसली. असं खरंच कुणी लिहील का, म्हणून हसलो. तेव्हा ज्ञानेशदादा डोक्यात नव्हता. तो असता तर लिहिलं नसतं. आता तो रोज असतो.

बाळू आणि बाकीच्यांचे प्लॅन मी रद्द केले, पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात परत जातील. साहेब म्हणाला, चूक झाली ती झाली, पण ग्राहकाला सांगायची काय गरज होती? तो 'स्टार'चा मग मी परत केला. एचआरची बाई आता हसत नाही. २८ तारखेला बोलायला बोलावलं आहे.

ज्ञानेशदादाला तुम्ही सांगू नका, मी येऊन सांगते. नाहीतर तुम्हीच सांगा. मला येववत नाही.

सुप्रिया


चाकण, २४ फेब्रुवारी २०२५

चि. सुप्रिया हिस आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर मी चार दिवस तुला मनात शिव्या देत होतो. त्यातल्या काही लिहिल्याही होत्या, तो कागद काकूने चुलीत घातला. ज्ञानेशला काही सांगितलं नाही. धीर झाला नाही. काल मेळाव्याला तो यायला तयार नव्हता, मला गाडीने सोडायला म्हणून आला आणि मंगल कार्यालयाच्या दाराशी उभा राहिला.

तिशीच्या आतलीही धरून चारशेच्या वर पोरं, मुली अकरा. सगळी पोरं इस्त्रीचा शर्ट घालून दाराकडे बघत होती, की लग्न मोडून का होईना नीलिमा येते का. मला ते बघवेना. माइक हातात आला तेव्हा भाषण बाजूला ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. नीलिमा नावाची मुलगी नाही. माझ्या पुतणीने फॉर्म तपासायला लिहिलेली ओळ होती ती.

सगळ्या माना दाराकडून माझ्याकडे वळल्या. मग बाळू उठला. "म्हंजे काका, माझी अमर्याद जागा बी न्हाई का?" तेव्हा कुठे लोक हसले. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात मुलीकडच्यांतली जाईबाई उभी राहिली. तिची मुलगी शेजारीच बसलेली होती. जाईबाई म्हणाली, "रंगराव, तुमच्या पुतणीनं चेष्टा केली, ती कारटी हाय. पर तुमी सांगा. तुमची लेक सुखदा कुणाला दिली?"

सुखदा निगडीला दिली, बँकेतला जावई, हे अख्ख्या चाकणला ठाऊक आहे. मी तसं सांगितलं.

"शेतकऱ्याची स्थळं आली व्हती का न्हाई?"

मी म्हणालो, चार आली होती.

"मग?"

सुप्रिया, माइकसमोर उभं राहून खोटं बोलणं सोपं असतं असं मी आजवर समजत होतो. काल जमलं नाही. मी म्हणालो, चौघांना चहा पाजून परत पाठवलं. पोरं चांगली होती. एकालाही नाव ठेवायला जागा नव्हती. शेतकरी आहेत, एवढंच कारण.

मागून आवाज आला, "तिसरा मी!"

सुजित. बाजूच्याच गावचा. छत्तीसचा झाला, अजून तसाच आहे. "चहा बरा व्हता, काका," म्हणाला, आणि कार्यालयाचं छप्पर उडेल असं सगळे हसले. मीही हसलो, पण त्याच्याकडे न बघता. सुजितचा आपल्या साइटवरचा फॉर्म मीच भरून घेतला आहे. समोर बसून नाव, शिक्षण, जमीन विचारली, आणि अनोळखी असल्यासारखी विचारली. त्यानेही ओळख दाखवली नाही. त्याला माझी लाज राखायची होती, हे मला काल कळलं.

जाईबाई म्हणाली, "मग आता आमच्या पोरींनी शेतकरी करावा, असं कंच्या तोंडानं सांगताय?"  मी माइक खाली ठेवला आणि खुर्चीवर जाऊन बसलो. पाच गावांचा पुढारी म्हणवणारा मी, तिने मला पाच मिनिटांत धुऊन वाळत घातलं.

जमलं एकाचंही नाही. पण बाहेर मुलीकडच्यांनी आणि पोरांनी एकमेकांना न बुजता विचारलं. किती जमीन, पाणी किती महिने, सासूचा स्वभाव कसा. एका पोरीने बाळूला विचारलं, तुझी बहीण कुठे दिली? बाळू म्हणाला, वाकडला, कंपनीत. ती म्हणाली, बघ की मग! आणि दोघं हसली. जाईबाई जाताना मला म्हणाली, पुढच्या टायमाला बी ठेवा, येते मी.

सुजितला आम्ही गाडीत घेतलं, त्याचं गाव वाटेत आहे. ज्ञानेश आणि तो पुढे, मी मागे. दोघं सबंध रस्ता माझ्यावर हसत होते. मी चहात साखर किती घातली होती, बशी कुठली होती, सुजित सगळं रंगवून सांगत होता. तो उतरल्यावर ज्ञानेशने गाडी पुन्हा रस्त्याला घेतली. मग म्हणाला, "अण्णा, ज्यांनी माझ्या वेळी पोहे खाऊन विचारलं व्हतं, मुलगा करतो काय, त्यांच्यावर मी चार वर्सं राग धरला. ते तुमच्यासारखंच व्हते की."

मी म्हटलं, होय रे बाबा.

म्हणाला, "माझा फॉर्म परत टाका."

त्याला तुझ्याबद्दल विचारलं. म्हणाला, "तिला सांगा भाऊबीजेला यावं लागंल, त्याआधी नोकरी गेली तर त्याआधी." माझा मात्र निम्मा राग उरला आहे, तो समोरासमोर देईन.

आता काम. साइट सिल्व्हरवरच राहू दे, बंद पडली तर पडली. पण मुलाच्या फॉर्मात एक रकाना वाढव. सक्तीचा कर, तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाता कामा नये. रकाना असा: तुमच्या घरातली मुलगी तुम्ही शेतकऱ्याला दिलीत का? हो किंवा नाही.

यामुळे निम्मे फॉर्म गळतील हे मला कळतं. गळू देत.

पहिला फॉर्म ज्ञानेशचा टाक, आणि त्यात "नाही" लिही. खाली माझं नाव घाल. त्याला विचारूनच सांगतोय.

तुझा,
रंगरावकाका